शामकलेच्या बांधीत अकरा टेक

दरेकशाला सिनेमावाले आले ते नेमके रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत. सिनेमा एका गोंड बाईवर होता आणि गोंड बाईच्या कामासाठी टीना नावाची नटी मुंबईहून आणली होती. इथल्या गोंड बायांना अभिनय येत नव्हता आणि टीनाला गोंडी येत नव्हती, म्हणजे फिटंफाट. रोज सकाळी दोन तास मेकअपमन तिला तपकिरी करायचा.

गावातल्या बाया तिच्यामागे धान रोवायला उभ्या केल्या होत्या. कॅमेरा थांबला की लावलेलं उपटायचं आणि पुन्हा लावायचं, असं सहा दिवस चाललं होतं. इकडे शामकला मडावी या गावातल्याच गोंड बाईचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पस्तीस दिवसांचे होऊन पिवळे पडू लागले होते. आणखी दोन दिवस गेले असते तर ते ढोरांपुढेच टाकावे लागले असते, आणि रोवायला गावात एक बाई मोकळी नव्हती.

"सिनेमा सरला का मंग पाहू," तिचा नवरा चैतराम म्हणाला.

शामकला पदर खोचून बाया आणायला निघाली.

शूटिंगच्या जागी मेकअपमनने तिलाच रांगेत बसवलं, निरखून पाहिलं आणि मान हलवली. "आप गोंड नहीं लग रहीं. मैडम से दो शेड गोरी हो."

"मंग मी कोन आहो?"

मेकअपमनने डबा उघडला. त्याने तिला दोन शेड गोंड केलं.

तशीच रंगलेली ती दिग्दर्शकापुढे गेली. "साहेब, खोटा रोवणा कायले करून राहिले? माह्या वावरातल्या बांधीत खरा करा. मागं डोंगरबी दिसते. पन लावलेलं उपटाचं नाही."

दिग्दर्शकाने डोंगर पाहिला आणि तो आपणच शोधला असं समजून होकार दिला.

पहिला टेक. टीना वाकली, चार रोपं लावली आणि कॅमेऱ्याकडे येत त्यांच्यावरच पाय दिला.

"अवो माय! लावून राहिली का तुडवून राहिली? मागं सरक, मागं!"

बाया खोखो हसल्या. दिग्दर्शकाने समजावलं, की ही नायिका संघर्षातून पुढे जाते. मागे सरकणारी नायिका लोक बघत नाहीत.

"पुढं जाऊन तुमची बाई मोठी होईल, माह्ये पऱ्हे मरतीन!" शामकलेने टीनाच्या हातातली रोपांची जुडी हिसकावून घेतली.

"पैक अप! पुरानी जगह चलो," दिग्दर्शक म्हणाला. बाया बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर चढू लागल्या. शामकला जुडी छातीशी धरून चिखलात उभी राहिली.

टीना हलली नाही. ती तुडवलेली रोपं बोटांनी सरळ करत होती. "सर, ये सच में उगनेवाला है?"

दिग्दर्शकाने याचा विचार केला नव्हता.

"तो मैं पीछे ही जाऊँगी."

कॅमेरा फिरवला गेला. दुसऱ्या टेकला टीना मागे सरकता सरकता चिखलात बसली. तिसऱ्याला शामकलेने तिचा अंगठा धरून रोप किती खोल दाबायचं ते दाखवलं. उपटायचं नसल्यामुळे प्रत्येक टेक मागचा जिथे संपला तिथून सुरू होई. कोणत्या दृश्यात किती धान लावलेलं होतं याची नोंद ठेवणारा माणूस पाचव्या टेकला वही मिटून धुऱ्यावर बसला. सातव्याला टीनाचा रंग कोपरापर्यंत धुऊन गेला; मेकअपमन धावायच्या आत शामकलेने चिखल फासला. शेड जुळली, असं त्यानेही कबूल केलं.

अकराव्या टेकला, चारच्या सुमारास, अर्धा एकर संपला.

रोवणा आटोपला की बायांना जेवू घालायची शामकलेच्या घरची रीत होती. तिने सगळ्या युनिटला पंगतीला बसवलं. भात, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. मेकअपमनला तर तिने आग्रह करून दोनदा वाढलं.

टीनाने हळूच विचारलं, "मैं गोंड लगी?"

"नाही व," शामकलेने खरं ते सांगितलं. "पन ओळी सरळ आल्या." तिने टीनाच्या भातावर आणखी वरण ओतलं. "लय उपकार झाले माय तुह्ये. माह्यं सालभराचं धान वाचवलं तू. पुढच्या साली सिनेमा नसला तरी येजो."