वर्नाच्या टाचा

वर्ना केलॉग आमच्या स्टुडिओतली सगळ्यांत सुरेख नाचणारी नटी, पण पोस्टरवर तिचं नाव कायम तळाशी. शेवटच्या सिनेमाचं शूटिंग संपलं आणि ती न्यूमोनियानं गेली. नाचातल्या टाचांचा आवाज भरायचा राहिला होता, म्हणून पडद्याकडे पाहत तसंच नाचून तो द्यायला तिची मैत्रीण आयरीन टाचांचे बूट घेऊन आली. मी अंधार करून रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावर वर्ना नाचू लागली, माझ्या हेडफोनमध्ये टाचा अचूक वाजू लागल्या.

"वा गं आयरीन! हुबेहूब वर्नाच!"

"थट्टा करतोस होय रे?" ती रडवेली झाली. "मी अजून बूटसुद्धा घातले नाहीत."

मी दिवा लावला. तिच्या पायांत नुसते मोजे होते, आणि टाचा वाजतच होत्या.

तोच आवाज आम्ही सिनेमात ठेवला. पहिल्या खेळाला टाळ्या पडल्या त्या फक्त त्या नाचाला.