मापात न बसलेला उंदीर

मी उंदीर बोलतोय. पाय वर घेऊ नका, चप्पल शोधू नका. मी पिंजऱ्यात आहे, तुम्ही खुर्चीवर आहात, आणि मला चार शब्द सुनावायचे आहेत. मुकाट्यानं ऐकून घ्या.

'उंदीर' हा शब्दच माझ्या जिवावर उठला होता. मराठी माणसाकडे एवढी मोठी भाषा, पण मुठीत मावणारा चिमुकला असो की माझ्यासारखा चपलेएवढा धिप्पाड, सगळे उंदीरच! इंग्रजीत आमची दोन वेगळी नावं आहेत. तो धाकटा माऊस, मी रॅट. हा फरक ठाऊक नसला की काय होतं, ते मी भोगलंय.

माझा जन्म कतारच्या दोहामधल्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानात झाला, मागच्या खोलीत, एसीखाली. अंग पांढरं, डोकं काळं, मिशा ऐटदार. आम्हा भावंडांना कुणी नाव दिलं नाही, नुसती मापं दिली. लहान, मधला, मोठा. दुकानातला महमूद गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, "साँप कितना मोटा है?" सापाचं अंग जिथं सगळ्यात जाड, तेवढ्याच जाडीचा उंदीर द्यायचा, असा नियम. म्हणजे आमचं आयुष्य सापाच्या कंबरेवर ठरायचं. सापाला कंबर असते का, ते मला विचारू नका.

द पर्ल या श्रीमंत वस्तीत राहणारे एक साहेब त्यांच्या अजगरासाठी कायम मोठे उंदीर न्यायचे. माझे दोन भाऊ त्यांच्याबरोबर गेले, शांतपणे गेले. त्याच दिवशी मी ठरवलं, मी शांतपणे जाणार नाही.

मग आला लॉरेन्स. मूळचा वसईचा, हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये नोकरी, अल मुंतझात फ्लॅट. इथं नोकरीला आलेली माणसं देश सोडून जाताना सोफे, गाद्या, कुंड्या वाटून जातात. त्याच्या मुलीच्या, ॲश्लिनच्या मैत्रिणीनं जाताना साप दिला. केशरी रंगाचा, बोटाएवढा जाड. ॲश्लिन त्याला रूबी म्हणते, लॉरेन्स म्हणतो नाडी. पायजम्याची नाडी.

या नाडीला बर्फात ठेवलेले, मेलेले छोटे माऊस लागायचे. मैत्रिणीनं दिलेले संपले, आणि लॉरेन्सच्या बायकोनं, लुसीनं, नवे आणायला साफ नकार दिला. माझ्या फ्रीजरमध्ये सुरमईशेजारी उंदीर येणार नाही, खलास! शेवटी ॲश्लिननं बापाला सांगितलं, एकच आण, छोटासा माऊस, मेलेला. बापाच्या कानात माऊसचा उंदीर झाला, बाकीचं बाहेरच राहिलं.

दुकानात महमूदनं सापाची जाडी विचारली. लॉरेन्सनं हात उडवला. पोरीचा साप उपाशी आहे, म्हणाला, चांगला ताजा दे. महमूद मोठा उंदीर मागायला आलेल्या द पर्लच्या साहेबांकडे वळला आणि हा गडी वसईच्या मासळी बाजारात उभा असल्यासारखा पिंजऱ्यावर वाकला. माझे डोळे चकचकीत आहेत का बघितलं. पोट दाबून बघितलं. अहो, पापलेटाचा कल्ला उचलावा तसा माझा कान उचलून आत लाल आहे का, तेही बघितलं! शिळा माल घ्यायचा नाही, हा त्याचा बाणा. सगळ्यांत तेजदार मीच होतो, म्हणून मीच गेलो.

शुक्रवार होता, इथला सुट्टीचा वार. लुसी आणि ॲश्लिन चर्चमध्ये मिस्साला गेल्या होत्या. लॉरेन्सनं मला नाडीच्या काचेच्या पेटीत सोडलं, झाकण लावलं आणि स्वतः चहा टाकायला गेला. आत कुणाचा तरी जीव जाणार, आणि याला चहा सुचतोय!

नाडी पेटीतल्या तिच्या घराखालून, म्हणजे नारळाच्या करवंटीखालून बाहेर आली. जीभ लपलपवली, मला नीट बघितलं आणि परत करवंटीखाली गेली. मी तिच्या चौपट जाड होतो. लॉरेन्सला जे कळलं नाही ते तिला कळलं. पण शेपटी बाहेर राहिली होती. मी भ्यालो होतो, आणि माझ्या दातांना लाकूडही पुरत नाही. एक चावा घेतला असता, तर नाडीची नाडी बंद पडली असती. मी पुढं सरकलो, खोटं कशाला बोलू? दात शेपटीला टेकले तेवढ्यात झाकण उघडलं आणि कुणीतरी मला पाठीवरून उचललं.

मिस्साच्या कपड्यांतच ॲश्लिन उभी होती. एरवी बापाला इंग्रजीतच उत्तर देणारी ही पोर त्या दिवशी मराठीत बोलली.

"पप्पा, मी माऊस सांगितला होता. हा रॅट आहे."

"मग? उंदीरच ना?"

"रूबी याला नाही खाणार, पप्पा. हा रूबीला खाईल."

लॉरेन्सचा चेहरा पडला. पण लगेच त्याला उपाय सुचला. यल्ला, चला, म्हणाला, परत देऊन येतो, द पर्लच्या त्या साहेबांना मोठा लागतोच. म्हणजे एका सापाला मी बसलो नाही, तर दुसऱ्याच्या मापाचा आहेच! त्यानं मला खोक्यात कोंबायला हात पुढं केला. ज्या बोटानं माझा कान उचलला होता, नेमक्या त्याच बोटाला मी कडाडून चावलो. आजही त्याचा मला पस्तावा नाही.

लुसी नर्स आहे. तिनं बोट धुतलं, पट्टी बांधली. लॉरेन्स कण्हत म्हणत होता, बघ किती माजलाय. लुसीनं गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुला कुणी असं खोक्यात कोंबलं असतं, तर तू काय शुक्रन म्हणत आभार मानले असतेस?"

लॉरेन्सनं पायानं खोकं बाजूला सारलं. लुसी उठली, फ्रीजरचा खालचा खण रिकामा केला, सुरमई वर सरकवली, आणि ॲश्लिनला म्हणाली, ठेव तुझे ते माऊस, पण झाकणाच्या डब्यात.

मी परत गेलो नाही. खिडकीजवळ माझा पिंजरा आहे आणि लॉरेन्स मला पापलेट म्हणतो. संध्याकाळी पोळीचा तुकडा देतो, लांबूनच.

नाडीच्या जेवणाच्या दिवशी ॲश्लिन तो थिजलेला चिमुकला कोमट पाण्यात सोडते, मग नाडीच्या अंगाशी धरून माप बघते. मी पाठ फिरवत नाही, बघतो. तू वाचलास ना, मग गप्प बस, असं कुणी म्हणेल. नाही बसणार! सापानं गवत खावं असं मी म्हणत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण मापाचा द्या, मेलेला द्या. जिवंत जीव काचेत कोंडून चहा टाकायला जाऊ नका.

आता माझ्या मिशा पिकल्यात, मागचे पाय जड झालेत. दात मात्र शाबूत आहेत, खोकं आणणाऱ्यानं लक्षात ठेवावं. मी इथंच, या खिडकीत, म्हातारा होऊन मरणार आहे. कुणाच्याही मापाचा न होता.