बोरिक पावडरचा डबा

"सुनीतीदी, मारा!"

कलकत्त्यात डमडमच्या त्या क्लबात मुंगी शिरायला जागा नव्हती. १९७३ सालची कॅरमची फायनल! एका बाजूला सुनीती गोडबोले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं बाटल्या धुतलेली, "लेबल नसलेल्या बाटलीला हात लावाल तर खबरदार!" म्हणून मुलींना दटावणारी. आणि समोर कोण, तर तीन वर्षं ओळीने कप घरी नेलेले खिदिरपूर गोदीतले मनोहरबाबू! राणी सुनीतीने घेतली होती. आता तिची एकच काळी सोंगटी उरलेली, तीही भोकाच्या तोंडाशी. फुंकर घातली तरी पडेल! बावीस वर्षांत तिच्या नावाने कुणी टाळी वाजवली नव्हती. आज अख्खी गल्ली ओरडत होती.

बोर्डावर पावडर भुरभुरायला तिने टेबलाखाली हात घातला. डबाच नाही!

तिने मान वळवून पाहिलं. कोपऱ्यात स्टोव्हपाशी तिचा नवरा भालचंद्र मोठ्या उत्साहात चाळीस जणांच्या चहात दुधाची पावडर ढवळत होता. डबा दुधाच्या पावडरचाच होता, पण आत होती कॅरमची बोरिक पावडर. सकाळी कागदी पुडा फाटला म्हणून सुनीतीनेच ती त्यात ओतली होती.

"अहो, थांबा! चहा देऊ नका!"

त्या गोंगाटात ऐकतंय कोण! पहिला पेला पुढे गेलासुद्धा. सुनीती उठली, गर्दीत घुसली, पेला हिसकावला आणि अख्खं पातेलं मोरीत उपडं केलं.

"अगं, वेड लागलं का तुला?" भालचंद्र ओरडला.

"बोरिक आहे ते! आपण झुरळांना घालतो ना, तेच!"

पंच शरच्चंद्रबाबू अवघडून म्हणाले, "दीदी, खेळाडू मध्येच उठला की डाव गेला. पण दुसऱ्या कुणाच्या चुकीमुळे उठावं लागलं असेल, तर खुशाल खेळा. डबा कुणी भरला?"

"मी!" भालचंद्र चटकन म्हणाला. "मीच भरला."

भला माणूस! उभ्या जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. सुनीतीला भरून आलं. नुसती गप्प राहिली असती, तरी कप तिचा होता.

"नाही हो," ती म्हणाली. "डबा मी भरला. लेबल मी लावलं नाही."

जल्लोष झाला तो मनोहरबाबूंच्या नावाने. नवा चहा झाला, तेव्हा ते काखेत कप धरून स्वतः तिच्यासाठी पेला घेऊन आले.

"आधी हात धुवा," सुनीती म्हणाली. "पावडर लागलीय. सगळ्यांनीच धुवा."

मनोहरबाबूंनी कप खिडकीत ठेवला आणि ते नळापाशी गेले. त्यांच्यामागे पंच, पंचांमागे अख्खी गल्ली.

"नखांतूनसुद्धा," सुनीती म्हणाली. आता मात्र तिचा आवाज कापला.

मनोहरबाबूंनी पुन्हा साबण उचलला.