क्लचवरचा ठोकळा

शनिवारी सकाळी आई गाडीत बसली आणि दोन मिनिटांत उतरली. तेवढ्या दोन मिनिटांनी ओरिजिनलच्या डोक्याचा भुगा केला.

ओरिजिनल हे नाव त्याला मिस्त्रीने ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी बाबांची जुनी गाडी ढकलत ढकलत गॅरेजमध्ये आणली, तेव्हापासून पोराच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता. आरसा ओरिजिनल पाहिजे. हॉर्न ओरिजिनल पाहिजे. सीटच्या शिवणीचा दोरासुद्धा कंपनीने वापरला होता त्याच रंगाचा पाहिजे. मिस्त्री वैतागून म्हणायचा, "अरे, तू तरी ओरिजिनल आहेस का? दाढेत सिमेंट भरलंय ना तुझ्या?"

आठवडाभर कामावर पंपांच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायच्या आणि सुट्टी मिळाली की गॅरेज. शिकवायला कुणी नव्हतं. गाडीबरोबर आलेलं जुनं पुस्तक होतं, त्याची पानं गळालेली, तेच वाचून वाचून त्याने पाठ केलं. कंपनीतून निघाली त्या दिवशी गाडी जशी होती तशी करायची, बस. नंतरच्या लोकांनी तिला जे काही चिकटवलं, ठोकलं, भोसकलं, ते सगळं काढून टाकायचं. बाबा गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात हे खूळ डोक्यात शिरलं आणि बाहेर काही निघालं नाही.

आता उद्या रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. शंभर गुणांचा कागद असतो. परीक्षक वाकून वाकून बघतात, आणि जास्तीचं काही जोडलेलं दिसलं की गुण कापतात. नव्वदच्या वर मिळाले तर गाडीला पितळी पट्टी मिळते, 'मूळ अवस्थेत' असं कोरलेली. त्या पट्टीसाठी त्याने डॅशबोर्डवर जागासुद्धा बघून ठेवली होती.

म्हणून तयार गाडी घरी आणून सकाळी आईला बोलावलं. आईने पदर खोचला, दार उघडलं, आत बसली. स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग डावा पाय पुढे केला. अजून पुढे केला. पार घसरून सीटच्या टोकाशी आली, हनुवटी स्टिअरिंगला टेकली, तरी क्लच काही पूर्ण दबेना. आई बुटकी. घरात डबे काढायला स्टूल लागतं तिला.

"छान झालीय हं गाडी," आई म्हणाली आणि उतरली.

"छान म्हणजे?"

"म्हणजे छान. चकचकीत आहे." आईने पदर सोडला. "त्या क्लचला एक ठोकळा होता रे. लाकडाचा. आणि सीट पुढे घेतलेली होती. असू दे. मी काय आता गाडी चालवणार, दोन जिने चढले की दमते."

एवढं बोलून ती भाजी चिरायला गेली. ओरिजिनल तिथेच उभा. फडकं घेतलं, पुसलेलं बॉनेट परत पुसलं. मग आत जाऊन पाणी प्यायला. मग बाहेर. मग पुन्हा आत.

"काय रे, पायात भिंगरी लागलीय का?" आई म्हणाली.

"काही नाही."

ठोकळा त्याला आठवत होता. चांगला आठवत होता. पहिल्याच आठवड्यात त्याने तो पेडलवरून पान्याने काढला होता आणि मिस्त्रीला दाखवून हसला होता. लोक काय काय जोडतात बघा!

आई गाडी चालवायची हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही. आई नर्स होती, घरोघरी जाऊन जखमा बांधायची, इंजेक्शनं द्यायची, गाडी घेऊनच जायची. पण तो तीन वर्षांचा असताना इंजिन जॅम झालं आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. त्याने पाहिलं ते एवढंच, की बाबा दर सुट्टीला ताडपत्री काढून गाडी धुतात. म्हणून ती बाबांची गाडी. माहीत होतं, पण हिशेबात कधी धरलंच नव्हतं.

त्याने ताईला फोन लावला. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि फोनवर आवाज अजूनच मोठा.

"बाबा चालवायचे ना गाडी?" त्याने विचारलं.

"बाबा?" ताई खो खो हसली. "बाबांनी एकदा चालवली आणि शेजाऱ्याचं फाटक आत घेऊन आले. ते बाजूला बसायचे, आईची बॅग मांडीवर घेऊन. ठोकळा त्यांनीच करून दिलेला. का रे?"

"मी काढला तो."

ताईचं हसू थांबलं. "आईने लायसन्स रिन्यू केलंय, तुला बोलली का?"

"नाही."

"डोळे तपासून आली, फोटो काढून आली, एकटी. गाडी नीट होतेय म्हणून. दोन वर्षं वाट बघतेय ती, माठ्या."

"मग मला सांगायचं ना!"

"तू ऐकतोस कुणाचं? मी एसी बसव म्हटलं तर आठ दिवस बोलला नव्हतास."

त्याने फोन ठेवला आणि गाडी तडक गॅरेजकडे घेतली. सिग्नलला तीन वेळा बंद पाडली. दोन वर्षं स्वतः जुळवलेला क्लच, आणि आज पायच थाऱ्यावर नव्हता.

मिस्त्री दाराशी चहा पीत बसला होता. "आता काय राहिलं? टायरमधली हवापण ओरिजिनल पाहिजे का?"

"तो लाकडाचा ठोकळा कुठेय?"

"कुठला?"

"क्लचवरचा. पहिल्या आठवड्यात काढलेला."

मिस्त्रीने कप खाली ठेवला आणि पायाने दाखवलं. रॅम्पवर एक टेम्पो उभा होता, त्याच्या मागच्या चाकाखाली ठोकळा. दोन वर्षं तोच ठोकळा गाड्यांच्या चाकांखाली जात होता. खुद्द ओरिजिनलनेच तो पन्नास वेळा तरी लाथेने आत सारला असेल.

ताई बोलली ते सगळं मिस्त्रीला सांगत सांगत त्याने चाकाखाली वीट सरकवून ठोकळा काढून घेतला. तेल पिऊन काळाकुट्ट झालेला. रॉकेलने पुसला तशी वरच्या बाजूला खोलगट जागा दिसली, आईच्या बुटाने झिजून पडलेली. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. 

"हा बसवता येईल," मिस्त्री म्हणाला. "दोन पट्ट्या आणि चार नटांचं काम. पण नुसत्या ठोकळ्याने भागायचं नाही. सीट चार बोटं पुढे घ्यावी लागेल. म्हणजे फ्लोअरला भोकं."

"जुनी होती ना भोकं."

"होती. तूच बुजवायला लावलीस. वेल्डिंग केलं, घासलं, रंग मारला, वरून तू हात फिरवून बघितलास आणि पुन्हा घासायला लावलंस."

ओरिजिनलने सीटखाली हात घालून फ्लोअर चाचपला. त्या फ्लोअरवर त्याने चार महिने घालवले होते. आरशासारखा झाला होता पत्रा.

"सोमवारी करू," तो म्हणाला. "उद्या प्रदर्शन होऊ दे. पट्टी मिळाली की मग."

"कर की. तुझी गाडी, तुझा फ्लोअर." मिस्त्रीने चहाचा घोट घेतला. "मग उद्या आईला कुठे बसवणार?"

"बाजूला."

"बाबांसारखी मांडीवर बॅग देऊन?"

हे ऐकून ओरिजिनल ताडकन उठला. बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिला. परत आला. सीट खोलली, कार्पेट गुंडाळलं, त्या गुळगुळीत पत्र्याकडे बघत बसला. पुन्हा उठला. पट्टीनंतर करू म्हणजे पट्टी असलेल्या गाडीला भोक पाडायचं. तेव्हा तर हात अजून अडेल. तेव्हा आपण म्हणू, पुढच्या वर्षीचं प्रदर्शन होऊ दे. आणि आई म्हणेल, असू दे. आई कधीच दुसरं काही म्हणणार नाही. त्याला ते इतकं स्वच्छ दिसलं की घाम फुटला.

"खडू द्या," तो म्हणाला.

मिस्त्रीने खडूने चार फुल्या मारल्या. मापायची गरजच पडली नाही. "ड्रिल तू मार. मी बुजवली ती मीच फोडू काय?"

पहिल्या भोकाला त्याने तीनदा ड्रिल टेकवलं आणि तीनदा उचललं. चौथ्यांदा डोळे बारीक करून दाबलं. रंगाचा पापुद्रा उडाला, पत्रा किंचाळला आणि टोक आरपार गेलं. त्याने फुंकर मारून पत्र्याचा कीस उडवला. दुसऱ्याला ड्रिल एकदाच उचललं. चौथं भोक पडलं तेव्हा तो मिस्त्रीला सांगत होता की वॉशर जाड लावा, आईला सीट हललेली चालायची नाही.

रविवारी आईनेच गाडी काढली. बसली, पाय टेकवला, क्लच तळाला गेला. दोनदा दाबून बघितला. मग म्हणाली, "पट्टा लाव. आणि उगाच ब्रेक मारल्यासारखे पाय रोवू नकोस, तुझे बाबापण तेच करायचे."

पहिला गिअर करकरला, ओरिजिनलने दात आवळले.

"गप," आई म्हणाली.

"मी कुठे बोललो?"

"तोंड बोलतंय तुझं."

प्रदर्शनाच्या मैदानात त्यांना सतरा नंबरची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना गाड्या अशा, की माशी बसली तर घसरून पडावी. परीक्षक तीन नंबरला होते. ओरिजिनल एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. मग नोंदणीच्या टेबलावर सही करायला गेला, तिथे रांग होती, नखं खात उभा राहिला.

परत आला तर सतरा नंबरची जागा रिकामी. नंबरची पाटी तेवढी गवतावर उभी.

परीक्षक कागद घेऊन पोचलेच. "गाडी?"

"आई घेऊन गेलीय."

"कुठे?"

"माहीत नाही. फिरायला."

"आम्ही एकदाच फिरतो," परीक्षक घड्याळ बघत म्हणाले. "येईल का पाच मिनिटांत?"

मैदानाच्या भिंतीपलीकडे रस्ता होता. तिकडून आवाज आला आणि ओरिजिनलने मान वर केली. दुसरा गिअर. तिसरा. या वेळी करकर नाही, लोण्यासारखा पडला. मग आवाज लांब लांब गेला.

"नाही येणार," तो म्हणाला. परीक्षकांनी अठरा नंबरकडे पाय वळवले, आणि तो भिंतीच्या दिशेने पळत सुटला, बघायला.