उसना पंप

फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर टोमॅटोचे शेंडे पिळवटलेले, पानं आत वळलेली. पहिला तोडा आठवड्यावर आला होता. माझा फवारणीचा पंप बिघडला म्हणून बायकोने चुलतभावाच्या घरून त्यांचा आणला होता आणि किडीचं औषध मी त्यातूनच मारलं. टाकीला नाक लावलं. आत तणनाशकाचा वास!

"मुद्दाम दिला मेल्याने," मी म्हणालो. बांधावरून दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. असा माणूस मागितल्याबरोबर पंप देतो, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुपारपर्यंत मी गिरणीवर चारचौघांत सांगून मोकळा झालो. चुलतभाऊ मजुरीने लोकांच्या शेतात फवारणी करतो, त्यामुळे सगळे कान टवकारून ऐकत होते.

दिवस कलता कलता त्याची बायको दारात आली.

"भावजी, दोघांनी यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. अहो, पंप मी दिला, हे घरी नव्हतेच. सोड्याने तीनदा धुऊन मगच वापरा, असं जाऊबाईंना बजावलंही होतं."

मी बायकोकडे पाहिलं. ही नाही म्हणणार, याची मला खात्री होती.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," बायको म्हणाली. "तुम्ही 'हं' म्हणालात."

म्हणालो होतो खरा. वारा पडलेला, ऊन चढायच्या आत मला उरकायचं होतं. आणि वास तेव्हाही आला होता. पंपाला वास यायचाच, असं म्हणून मी टाकी भरली होती.

"दोघींनी मिळून रचलंय हे," मी तरीही म्हणालो. भावजय निघून गेली. मला माझीच लाज वाटली.

"सकाळी बोललात ते न कळता बोललात, असं धरू," बायको म्हणाली. "आता तर कळलंय ना?"

"आधी जेवायला वाढ."

"गिरणी अजून चालू आहे," ती म्हणाली. भातावरचं झाकण तिने काढलं नाही.

गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी, त्याचा काही दोष नाही. गिरणीवाल्याने पट्टा थांबवला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दम दिला का रे त्याने तुला?"

बाकीचे तसंच असणार म्हणून माना डोलवू लागले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.