काचेवरची टिचकी

कॅप्टन निवृत्त झाले आणि घरातल्यांच्या नाकी नऊ आले. माणूस घरात, जीव वर ढगांत. विमानाचा आवाज आला की भरल्या ताटावरून उठून खिडकी गाठायचे. शेवटी लेकीनेच त्यांना आपल्या कंपनीत नेलं. नव्या विमानांसाठी ती काट्यांऐवजी बोटाने चालणारा काचेचा पडदा, टचस्क्रीन, बनवत होती आणि तो सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानात, तपासायला तिला मुरलेला वैमानिक हवाच होता.

सिम्युलेटर स्थिर होता तोवर नाव ठेवायला जागा नव्हती. मग लेकीने हादरे सुरू केले आणि कॅप्टनांचं बोट आपसूक उठलं. जुन्या विमानात हादऱ्यांनी उंचीचा काटा अडकायचा, काचेवर टिचकी मारली की सुटायचा. उभ्या जन्माची सवय ती! इथे काटा कुठला? टिचकी पडली लेकीच्या पडद्यावरच्या बटणावर, उंचीचा आकडा बदलला आणि विमान निघालं खाली.

कॅप्टन ओशाळले. सहकारी लेकीला म्हणाले, त्यांचं सोडून दे, हल्लीची पोरं कुठे टिचक्या मारतात? पण लेक हट्टाला पेटली. विमान हलायला लागलं की कुणाचंही बोट भलतीकडे पडेल, म्हणाली, आणि बटणाची जागा बदलत बसली. दर बदलानंतर बाबांना बोलावणं यायचं. कॅप्टन आदल्या दिवशीच बूट पुसून ठेवायचे. खोटे का होईना, हादरे तर मिळत होते. मुद्दाम टिचकी मारता का हो, असं लेकीने एकदा हसत विचारलं. मुद्दाम नव्हतेच मारत, पण ती बटण चुकवून पडावी असंही त्यांना वाटत नव्हतं.

एक दिवस टिचकी कोऱ्या काचेवर पडली. उंची जागची हलली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टनांनीही वाजवल्या आणि वाजवता वाजवताच लेकीला विचारलं,

"मग आता कधी येऊ?"

लेक चाचणीचे कागद आवरू लागली. काम संपलं होतं, बोलावणार कशाला?

कॅप्टन समजले. पट्टा सोडायला लागले. लेकीने बाकीच्यांना चहाला पिटाळलं, हादरे पुन्हा चालू केले आणि शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"बाबा, तुमच्या शेजारी मी कधी बसलेच नाही. एकदा न्या ना."

"पुढे वादळ आहे, बाळा."

"असू दे."

कॅप्टनांनी पट्टा आवळला आणि काचेवर टिचकी मारली.