कोरे बुडखे

सोनईच्या शिवारात, पाटाच्या कडेला सत्यवानचं घर. घरामागे बाग आणि बागेभोवती लाकडी कुंपण. हे कुंपण काही जनावरांसाठी नव्हतं. त्याची बायको एंजेला हल्ली विसरायला लागली होती. आधी चहातली साखर, मग माणसं, मग घराचा रस्ता. उठायची आणि चालू लागायची, ती थेट पाटाकडे. पाटाला पाणी सुटलं की सत्यवानचा जीव टांगणीला लागायचा. तिला खोलीत कोंडून ठेवणं त्याच्यानं होईना, म्हणून हे कुंपण घातलं.

खांब बाभळीचे. आपल्याकडची रीत साधी: जमिनीत जाणारा बुडखा जाळून काळा करायचा, वर ट्रॅक्टरचं जळकं ऑईल पाजायचं, मग वाळवी फिरकत नाही. पण जाळ दिसला की एंजेला "घर पेटलं!" म्हणून ऊर बडवायची. सत्यवानने बुडखे तसेच कोरे पुरले. वर मात्र हौसेनं जवसाचं तेल मुरवलं, त्यावर पांढरा ऑईलपेंट. नाताळला लेक प्रार्थना येणार होती ना!

शेजारचा अजिनाथ म्हणाला, "भाऊ, दिसायला लई झ्याक हाय. पर वाळवी काय रंग बघून माघारी जाती व्हय?"

सत्यवान नुसता हसला. आला मोठा शहाणा, असं मनात म्हणालासुद्धा.

पुढचा पावसाळा सरता सरता एका सकाळी दोन खांब आडवे दिसले. रंग अजून पांढराशुभ्र, बुडाशी नुसती माती. एंजेला बागेत नव्हती. सत्यवान असा धावत सुटला की पायातली चप्पल कुठे गेली, त्याला कळलं नाही. ती पाटाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसली होती. अजिनाथने तिचा दंड घट्ट धरला होता. त्याने चार शब्द सुनावले असते तर सत्यवानला बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी त्याने सगळे खांब उपटले, पोखरलेले बुडखे तोडले आणि उरलेले खांब अजिनाथच्या वावरात, एंजेलाच्या नजरेआड नेऊन त्यांची खालची टोकं जाळून काळी केली, वर ऑईल पाजलं. हे आधी का सुचलं नाही, म्हणून स्वतःला शिव्या घातल्या. अजिनाथची बायको पुष्पावती तोवर एंजेलाजवळ बसली. कोपरापर्यंत ऑईलने आणि तोंडभर काजळीने माखून सत्यवानने खांब पुन्हा रोवले, दिवेलागणीला फाटकाशी आला. पुष्पावती नुकतीच घरी गेली होती.

आत एंजेला उभी. तिने त्याचं काळं तोंड पाहिलं आणि आतून कडी घातली.

"कोन पायजे?"

"अगं, मी."

"प्रार्थनाचे पप्पा घरी न्हाईत. ते आल्यावर या. ते नसताना मी कुनाला आत घेत न्हाई."

सत्यवानने कडीकडे हात नेला आणि मागे घेतला. त्याला रडू आलं.

"कवा येतील?" त्याने विचारलं.

"येतील की आत्ता," ती म्हणाली. "मला एकटीला टाकून लांब जात न्हाईत ते."